खिशातला चाकू

यवतमाळहून वर्ध्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, चक्रवती नदीच्या काठी, जमिनीच्या पातळीखाली उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते त्या श्रीचिंतामणीमुळे विदर्भभर विख्यात झालेल्या कळंब गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी जो कोणी तासभर निवांत उभा राहील त्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज येईल. ती ही की, बाजारास आलेल्या कास्तकारांपैकी ज्याच्या बंडीच्या वा पायजम्याच्या खिशात घडीचा चाकू नाही असा प्रौढ मनुष्य विरळा, आणि ज्याच्या खिशातल्या चाकूस खरोखरी धार आहे असा मनुष्य त्याहूनही विरळा. ढेपेच्या पोत्याची सुतळी सोडवायची वेळ आली म्हणजे चाकू बाहेर निघतो, उघडला जातो, सुतळीवर पुढेमागे घासला जातो, आणि अखेरीस ती सुतळी दातांनी तोडून चाकू पुन्हा सन्मानपूर्वक खिशात ठेवला जातो. घरातला पाटा दरसाल टाकीचे घाव घेऊन ताजातवाना होत असता, खुरपे आणि विळा लोहाराकडे नेमाने जात असता, खिशातल्या या सोबत्याच्याच वाट्यास ही उपेक्षा का यावी, याचा विचार करू लागले म्हणजे कारणे दोन दिसतात: एक, चाकू विकत घेताना आपण काय घेतो आहोत हे आपणांस ठाऊक नसते, आणि दुसरे, धार ही वस्तूबरोबर एकदाच मिळते आणि ती संपली की वस्तू संपली, अशी आपली पक्की समजूत झालेली असते.

वास्तविक घडीच्या लहान चाकूचा आपल्याकडील कुलवृत्तांत बराच प्रतिष्ठित आहे. शेतीची कापणारी अवजारे बहुधा न मिटणारी, आखूड दांड्याची आणि कमरेला खोचावयाची. याउलट बोटभर पात्याचा नाजूक चाकू हा दप्तरखान्यातला. अबुल फजलाच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे तीत कळम नावाचे एक सरकार आहे, आणि ते म्हणजे हेच कळंब. आज तालुक्याच्या कचेरीपुरते उरलेले हे गाव सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका सरकारचे ठाणे होते, म्हणजे तेथे जमाबंदी होती, जमाखर्च होता, आणि ओघानेच कलमदाने उघडून बसणारे कारकूनही होते. जेथे कारकून तेथे बोरू, आणि जेथे बोरू तेथे कलमतराश, म्हणजे बोरू तासण्याचा चाकू. बोरूचे टोक आधी तिरके छाटावयाचे, मग दोहों अंगांनी तासून निमुळते करावयाचे, मध्ये शाई उतरण्यापुरती बारीक चीर द्यावयाची, आणि शेवटी कठीण आधारावर टेकवून एकाच दाबात टोक कलते कापावयाचे. हा शेवटचा काप स्वच्छ पडला नाही तर मोडीचे अक्षर फाटते आणि कागदावर शाई फुटते. कलमतराश बोथट ठेवणाऱ्या कारकुनाचे अक्षर त्याची चुगली केल्यावाचून राहत नसे, म्हणून धार लावणे हा लेखनविद्येचाच एक भाग होता. पोलादी टाक आला, मागून फाउंटन पेन आणि मग बॉलपेन आले, शिसपेन्सिलीसही टोकयंत्र मिळाले. त्याबरोबर लिहिणाऱ्या वर्गाच्या खिशातून चाकू जो गेला तो गेलाच, आणि धार लावण्याची विद्याही त्याच्यामागून गेली.

युरोपातही प्रकार याहून फारसा निराळा घडला नाही. घडीचे चाकू तेथे रोमन काळापासूनचे सापडले आहेत. परंतु लेखकाच्या मेजावर पिसाची लेखणी तासणाऱ्या लहान चाकूचा मान मोठा होता, आणि त्याच चाकूस खिशात घालण्याजोगे रूप देऊन इंग्लंडातील शेफील्ड शहराने जगभर आपला माल पोचविला. स्वित्झर्लंडात कार्ल एल्सेनर याने १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ साली तेथील सैन्यास चाकूंची पहिली खेप दिली. त्या चाकूत पात्याच्या जोडीस डबा उघडण्याचे साधन, टोचा आणि पेचकस होता, कारण त्या सैन्याची तेव्हाची नवी बंदूक साफ करण्यासाठी खोलावयाची तर पेचकसावाचून गत्यंतर नव्हते. पुढे १८९७ साली याच कारखान्याने अधिकाऱ्यांसाठी बुचे काढण्याचा मळसूत्री आकडा असलेला हलका चाकू काढला आणि तो लाल मुठीनिशी जगप्रसिद्ध झाला. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास साध्या लाकडी मुठीचा शेतकरी चाकू तयार केला, त्यास १९५५ साली पाते जागच्या जागी अडकवून धरणारे फिरते कडे बसविण्यात आले, आणि तो चाकू त्याच रूपात आजही विकला जातो. या दोन्ही उदाहरणांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चाकू ही तेथे सभ्य, कष्टाळू माणसाची वस्तू मानली गेली.

आपल्याकडे मात्र मधल्या काळात रामपूरने घोटाळा केला. रामपूर संस्थानातील कारागिरांचे कसब निःसंशय थोर. कळ दाबताच उघडणारे किंवा दात्यांवरून कटकट वाजत उघडणारे लांब पाते हा त्या कसबाचा आविष्कार. परंतु हिंदी बोलपटांनी तो चाकू गुंडाच्या हाती देऊन टाकला, १९६५ सालच्या 'वक्त'मध्ये राजकुमाराने चाकूकडे पाहून जो रुबाब केला तो सबंध पिढीच्या ध्यानात राहिला, आणि खिशात चाकू बाळगणारा मनुष्य म्हणजे कोणी तरी संशयास्पद इसम, अशी शहरी समजूत रूढ झाली. संत्रे सोलण्यासाठी चाकू काढणाऱ्या एखाद्या गरीब गृहस्थाकडे नागपूरच्या एसटीत सहप्रवासी ज्या नजरेने पाहतात, ती नजर त्या बोलपटांची देणगी आहे.

या संशयाचे निराकरण कायद्याच्या आधारे केलेले बरे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालील नियमांत तीक्ष्ण धारेच्या हत्यारांचा जो वर्ग आहे त्यात पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेली हत्यारे येतात. घरकाम, शेती, शास्त्रीय काम वा उद्योग यांसाठी बनविलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. बोटभर पात्याचा चाकू या वर्गाच्या जवळपासही जात नाही. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, मुंबई पोलीस अधिनियम १९५१, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ३७ अन्वये सणावाराच्या, मिरवणुकीच्या वा निवडणुकीच्या काळात मनाई हुकूम निघू शकतो, आणि त्या कलमात तलवारी-भाल्यांच्या जोडीस चाकू आणि लाठ्याही स्पष्ट नमूद आहेत. असा हुकूम जारी असता चाकू घरी ठेवावा हे उत्तम. दुसरी, स्थळपरत्वे दंडक बदलतात. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेने कळ दाबून उघडणाऱ्या आणि गरारीदार, म्हणजे दात्यांवरून उघडणाऱ्या, चाकूंवर निर्बंध आले ते अवघ्या ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, पात्यापासून. विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, न्यायालयाच्या किंवा मंत्रालयाच्या दारावर तो काढून घेतला जातो. याबद्दल दारावरच्या शिपायाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. कळीचा चाकू तर घेऊच नये. कास्तकाराचे कोणतेही काम असे नाही की जे पाते अर्ध्या सेकंदाने लवकर उघडल्यामुळे अधिक चांगले होईल.

आता पात्याच्या लोखंडाकडे वळू. आणि लोखंडाच्या बाबतीत विदर्भाने परमुखापेक्षी असण्याचे काही कारण नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात जे उत्खनन केले त्यात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, आणि ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील आहे. माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळांखाली कट्यारी, छिन्न्या, कुऱ्हाडी आणि घोड्यांचे लगाम सापडले. दक्षिणेस पैनगंगा आणि गोदावरी ओलांडून गेले की निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव लागते. तेथे मुशीत शिजविलेले पोलाद खरेदी करण्यास थेट इराणचे व्यापारी येत असत, आणि त्या कृतीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत डॉ. व्हॉयसी यांच्या नावे १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. हे व्हॉयसी कर्नल लॅम्बटनच्या मोजणीखात्यात शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ होते. आणि तो लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत कळंबपासून फार लांब नसलेल्या हिंगणघाटी वारला, त्याचे थडगेही तेथेच आहे. इराणचे सराफ ज्या मुलखाचे पोलाद पारखून नेत, त्या मुलखाच्या शेजारी राहून आपण पत्र्याचे चाकू घ्यावेत, याला काय म्हणावे?

पत्र्याचे म्हणण्याचे कारण असे की, यात्रेच्या दुकानात रंगीत प्लास्टिकच्या मुठीचे जे चाकू टांगलेले असतात त्यांपैकी पुष्कळांस पाणी दिलेलेच नसते. पाणी देणे म्हणजे काय, हे घिसाडी किंवा गावचा लोहार काम करीत असता पाहावे. मालमोटारीच्या जुन्या कमानीचा तुकडा घेऊन तो ठोकून पात्याच्या आकारास आणला जातो; मग भात्याच्या फुंकरीखाली पाते पिकल्या बोराच्या रंगाचे लाल होईपर्यंत तापवितात. या तापमानास पोलाद लोहचुंबकास चिकटेनासे होते, आणि जाणता कारागीर चुंबकाशिवायच, केवळ सावलीत धरलेल्या पात्याच्या रंगावरून, ती वेळ ओळखतो. त्या क्षणी पाते पाण्यात वा तेलात बुडवायचे. एवढ्याने ते अतिशय कठीण होते खरे, पण काचेइतकेच ठिसूळही होते. दगडावर पडले तर दोन तुकडे. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा मंद तापवितात, आणि आता पाहण्याची गोष्ट येते: उजळ लोखंडावर आधी फिकट पिवळी, मग वाळल्या गवतासारखी सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळी आणि शेवटी निळी छटा सरकत जाते. सोनेरी रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला उमटतो, निळा ३०० अंशांच्या सुमारास. चाकूच्या धारेस सोनेरी ते तपकिरी योग्य, कमानीस निळा योग्य. हे सारे काम एका म्हाताऱ्या लोहाराने आपल्या भाषेत असे सांगितले होते: "लोखंड त सारखंच हाय भाऊ, पानी कोनं देल्लं ते पाहा." चाकूच्या निवडीसंबंधी मी वाचलेल्या सगळ्या मजकुरात या वाक्याहून अधिक उपयुक्त असे फारसे काही मला आढळलेले नाही.

पारख करण्याची साधी रीत म्हणजे दुकानदाराच्या परवानगीने पात्याच्या बुडाशी, धारेच्या नव्हे तर पाठीच्या अंगास, जुन्या कानशीचा एक हलका हात मारावा. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर चाकू खाली ठेवून पुढे चालू लागावे. ती घसरत, कुरकुरत गेली तर पुढचे प्रश्न विचारावेत. पोलाद साधे की न गंजणारे, हा त्यांतला पहिला. न गंजणारे पोलाद १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने सिद्ध केले. फळे, लिंबे, भाजी आणि घामट खिसा यांस ते सोयीचे. साधे पोलाद गंजते, काळे पडते, परंतु दगडावर चटकन धार घेते, आणि शेतात राहणाऱ्या माणसास हा गुण मोठा आहे. जाहिरातीत हल्ली फार कठीण पोलादाची स्तुती असते. ते धार पुष्कळ दिवस राखते हे खरे, पण एकदा ती गेली म्हणजे साध्या दगडाने परत येत नाही आणि हाडावर वा तारेवर आपटले तर कपचा निघतो. ज्याच्याजवळ हिऱ्याच्या भुकटीचे साणपट्टे नाहीत त्याने अतिकठीण पोलादाच्या मोहात पडू नये.

पात्याची लांबी अडीच ते तीन इंच पुरेशी. याहून मोठे पाते खिशात जड होते आणि याहून लहान पाते कलिंगडापुढे लज्जित होते. चाकू उघडून पाते वरखाली आणि डावीउजवीकडे हलवून पाहावे. खिळ्याशी किंचितही डगमग असेल तर ती वाढतच जाणार. मिटल्यावर पाते मुठीच्या खाचेत मधोमध बसते की एका बाजूस घासते, नख घालण्याची खाच इतकी खोल आहे काय की ओल्या हातानेही उघडता यावे, मिटताना पाठीची कमान शेवटच्या टप्प्यात पाते स्वतः ओढून घेते काय, हेही पाहावे. जुन्या पद्धतीच्या चाकूत केवळ ही कमानच पाते उघडे धरते, कुलूप नसते; अशा चाकूच्या टोकाने भोक पाडण्यासाठी रेटा देणे म्हणजे पाते बोटांवर मिटण्यास आमंत्रण. ज्यास असे काम वारंवार पडते त्याने कडे फिरवून किंवा आतल्या पट्टीने पाते अडकणारा चाकू घ्यावा. मूठ शिसवीची असो, शिंगाची असो वा पितळेची. हाताची मूठ वळल्यावर चाकू दिसेनासा व्हावा, बोटे आखडू नयेत, इतकेच खरे. एका मुठीत दहा हत्यारे असलेल्या चाकूंचे कौतुक मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रौढ माणसाने आपण त्यांपैकी किती उघडतो ते एकवार मोजावे.

धार किती असावी, याचा खरा मानदंड पाहावयाचा असेल तर कळंबहून अमरावती जिल्ह्याकडे, वरुड आणि शेंदुरजनाघाटच्या संत्र्याच्या पन्हेऱ्यांत जावे. तेथे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीवर उभाआडवा काप देऊन, साल हलकेच सुटी करून, संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा काढलेला डोळा त्यात सरकवावयाचा आणि पट्टीने बांधावयाचे, अशी ती कृती. या चाकूचे पाते बहुधा एकाच अंगाने घासलेले असते, दुसरे अंग सपाट, म्हणजे काप सरळ पडतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो जिवंत पेशींचा अतिपातळ थर असतो, त्यावरच सारा जोड अवलंबून. बोथट पात्याने तो चिरडला की डोळा सुकतो. म्हणून तेथला कारागीर वस्तऱ्याच्या तोडीची धार राखतो आणि चाकू दुसऱ्या कामास कोणालाही देत नाही. आणखी एक गोष्ट: लिंबूवर्गीय झाडांचे काही विषाणुसदृश रोग चाकूच्या पात्यावरूनच एका झाडाहून दुसऱ्या झाडास जातात, म्हणून मधून मधून पाते निर्जंतुक करून घेणे अगत्याचे असते. ज्याच्या बागेत पाच-पंचवीस झाडे आहेत त्या कळंबच्या बागाइतदारानेही छाटणीचा चाकू झाडागणिक पुसण्याची सवय लावून घ्यावी.

धार लावण्याचा विषय जरा विस्ताराने घेतला पाहिजे. पूर्वी हे काम शिकलगारांचे; तलवारी, कट्यारी उजळून पाजळून देणारी ही जमात राजेरजवाड्यांच्या लष्कराबरोबर हिंडे. त्यांच्या सहाणेचा उत्तराधिकारी म्हणजे सायकलीवर दगडी चाक बसवून "कात्री-सुरीला धाऽर" अशी हाळी देत येणारा धारवाला. त्याच्या चाकाखाली ठिणग्यांचा पिसारा उडाला की मुले आणि मोठेही खूष होतात. परंतु चाक कोरडे आणि हात जड असेल तर त्या ठिणग्यांबरोबर चाकूचे आयुष्यही उडत असते. धारेचा काठ कागदाहून पातळ, तो पाहता पाहता तापतो, आणि तापून निळा पडला की लोहाराने कष्टाने दिलेले पाणी तेवढ्या भागात उतरले म्हणून समजावे. अशी धार त्या दिवशी केस कापते आणि आठवड्यात सुतळीपुढे हार खाते. विळा, कोयता त्याच्याकडे अवश्य द्यावा. खिशातला चाकू मात्र स्वतःच्या हाताने दगडावर धरावा.

दगड कोणता? हार्डवेअरच्या दुकानात दोन अंगांचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक अंग जाडेभरडे आणि एक बारीक. ज्या भुकटीचा हा दगड बनतो ती १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत प्रथम तयार केली. त्यापूर्वी जगाची भिस्त कुरुंदावर होती, आणि कुरुंद तर आपल्या भंडारा जिल्ह्यातही निघतो. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. पात्याच्या धारेस कपचे पडले असतील तरच जाडेभरडे अंग वापरावे, एरवी बारीक अंग बस्स होते. सारे मर्म कोनात आहे. पाते दगडावर आडवे निजवून त्याची पाठ थोडी उचलावयाची. किती, याचा हिशेब असा की पाते १५ मिलीमीटर रुंद असेल तर पाठ ५ मिलीमीटर उचलली असता कोन २० अंशांचा होतो, आणि रोजच्या चाकूस प्रत्येक अंगी तेवढाच हवा. पाच मिलीमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली तीन नाणी. पहिल्या एक-दोन खेपांना ती नाणी पाठीखाली ठेवून कोन डोळ्यांत भरून घ्यावा आणि मग काढून टाकावीत. दगडावरून अगदी पातळ पापुद्रा कापून काढावयाचा आहे अशा बेताने पाते धारेच्या दिशेने पुढे ढकलावे, बुडापासून टोकापर्यंत सबंध धार एका हातात फिरून यावी, आणि टोकापाशी आल्यावर मूठ किंचित वर उचलावी, कारण तेथे धार वळलेली असते. दाब हलका असावा. दगडावरचे करडे पाणी पुसू नये, ते काम करीत असते.

आता खूण पाहावयाची. एका अंगाने काही हात झाले की दुसऱ्या अंगावर अंगठ्याचे पेर धारेच्या लांबीत नव्हे तर आडवे, पाठीकडून काठाच्या बाहेर, अलगद फिरवावे. बारीक खरखर लागली तर लोखंडाची केसाहून सूक्ष्म कड तिकडे वळून आली आहे, म्हणजे पहिल्या अंगाचे घासणे काठापर्यंत पोचले आहे, असे जाणावे. ही खरखर बुडापासून टोकापर्यंत अखंड लागल्यावाचून अंग बदलू नये. धार लागत नाही अशी तक्रार करणाऱ्या दहांपैकी नऊ जण येथेच उतावीळ झालेले असतात. मग दुसऱ्या अंगाने तेच करावे, कड पहिल्या अंगास वळवावी, आणि त्यानंतर दाब कमी कमी करीत एक हात इकडे, एक हात तिकडे असे करून ती कड झिजवून टाकावी. शेवटी जुन्या चामड्याच्या कमरपट्ट्याच्या आतल्या, खरखरीत अंगावर पाते पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढावे. न्हावी धोकटीतल्या पट्ट्यावर वस्तरा फिरवीत असे तो याचसाठी. धार पुढे करून ओढाल तर पट्टा कापला जाईल.

कसोटीसाठी अंगठा कापून घेण्याची गरज नाही. दिव्यासमोर धार डोळ्यांसमोर सरळ धरावी. जेथे बोथट असेल तेथे पांढरी रेघ चकाकते, तीक्ष्ण धारेवर उजेडास बसायला जागाच नसते. किंवा नखावर धार तिरकी, वजनही न देता टेकवावी. घसरली तर अपुरी, अडली तर पुरी. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून काप घेतला असता तो न फाटता चिरत गेला पाहिजे. प्रवासात दगड जवळ नसेल आणि धार किंचित मावळली असेल तर चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या गोल, बिनचकाकीच्या कडेवर दोन्ही अंगांनी चार-चार हात मारावेत. ती कड उत्तम निसण्याचे काम देते, आणि चहावाल्याने काचेचे पेले ठेवले नसतील तर ही सोय रस्त्यावरही होते.

बोथट चाकू निर्धोक, ही समजूत घरोघरी आहे आणि ती साफ चुकीची आहे. धारदार पाते जेथे ठेवाल तेथे शिरते. बोथट पात्यास जोर लावावा लागतो, जोर लावलेले पाते पेरूवरून वा सुपारीवरून निसटते, आणि निसटलेले पाते दुसऱ्या हाताच्या तर्जनीत थांबते. कापताना धार शरीरापासून दूर जावी आणि तिच्या मार्गात आपले किंवा शेजाऱ्याचे बोट नसावे, एवढा एक नियम मुलास चाकू देण्यापूर्वी शिकवावा. चाकू एकमेकांच्या हातात देऊ नये, भांडण होते, म्हणून खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा, असे आमच्याकडील वडीलधारी माणसे सांगतात. भांडणाचे खरेखोटे देव जाणे, उघडे पाते देण्याघेण्यात होणारी जखम मात्र या रीतीने टळते यात शंका नाही. लोखंडाविषयीची ही भीतियुक्त आदरबुद्धी आपल्या चालीरीतींत ठायी ठायी आहे. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार किंवा अडकित्ता असतो, बाळंतिणीच्या उशाशी लोखंडाची वस्तू ठेवतात, आणि खंडेनवमीस वखर-डवऱ्यांबरोबर विळ्या-चाकूंनाही हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी पूजेपूर्वी चाकू धुऊन, पुसून, तेल लावून ठेवला जातो. हेच वर्षातून एकदा न करता महिन्यातून एकदा केले तर यात्रेतला चाकूसुद्धा पुष्कळ वर्षे टिकेल.

बाळगण्याची रीत म्हणाल तर पूर्वीच्या लोकांनी कनवटीस वा चंचीत चाकू ठेवला, हल्लीच्यांनी खिशात ठेवावा. पण नाण्यांबरोबर आणि किल्ल्यांबरोबर नव्हे, वेगळ्या खिशात किंवा कापडाच्या लहानशा पिशवीत. खर्ऱ्याची पुडी आणि चाकू एकाच खिशात कोंबणाऱ्यांच्या चाकूच्या सांध्यात चुना आणि सुपारीची भुकटी जाऊन बसते व पाते उघडेनासे होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. असा सांधा कोमट पाण्यात पाते पुष्कळदा उघडमीट करून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि खिळ्यापाशी शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. सांध्यात खोबरेल घालू नये. हिवाळ्यात ते थिजते आणि पुढे चिकट होते. पात्यास मात्र खोबरेलाचा पुसट हात चालतो, आणि फळे कापावयाच्या चाकूस तोच बरा. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत साध्या पोलादाचा चाकू दर आठ-दहा दिवसांनी उघडून पाहावा. लिंबू, आवळा, कैरी कापल्यावर तो लगेच पुसला नाही तर त्यावर काळे-निळे डाग धरतात, आणि ते पाहून पुष्कळ लोक चाकू नासला असे समजून राखेने किंवा तारेच्या घासणीने तो पांढरा करीत बसतात. तसे करू नये; काळा थर पोलादास उलट थोडे संरक्षणच देतो. तांबूस, बोटास लागणारा गंज तेवढा तेलात भिजविलेल्या चिंधीने घासून काढावा.